पांढऱ्या काठाची माती

दमासियानं पहारीचं टोक काठात रोवलं आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. ढेकूळ सुटलं, खाली पडून फुटलं आणि आतले पांढरे कण उन्हात चमकले. काही मोहरीएवढे, काही मक्याच्या कणीएवढे. एरवी असलं ढेकूळ हाती आलं असतं तर तिनं ते ओढ्यापलीकडे भिरकावलं असतं आणि वर दोन शिव्या घातल्या असत्या. आज तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि जपून पोत्यात ठेवलं.

गावातली कुठलीही बाई या काठाला पहार लावत नसे. पांढरा काठ म्हणजे चुन्याचा काठ. चांगली माती पुढे, ओढ्याच्या वळणावर, तिच्या आईच्या जागेवर होती. तसं बघायला गेलं तर इथल्या मातीतही खोट दिसत नाही. मळायला मऊ, आकार धरायला गुणी, आगीतून निघते तेव्हा टिचकी मारली तर खणकन वाजते. खोड नंतर निघते. भाजलेला चुन्याचा कण आत दबा धरून बसतो, हवेतली ओल पितो, फुगतो आणि एक दिवस टक् करून वरचा टवका उडवतो. मग दुसरा, मग तिसरा. आणि तोवर त्या मातीची घडवलेली बाहुली कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात जाऊन बसलेली असते. तिथं पाहुण्यांदेखत तिची चाळण होते.

दमासियाला तेच तर हवं होतं.

माती खणण्याआधी मातीच्या आजीला, मातीत राहणाऱ्या त्या दैवताला, चिमूटभर मक्याचं पीठ वाहायचं असतं. काय हवंय, कशासाठी हवंय, ते तिला सांगायचं असतं. दमासिया पीठ चिमटीत धरून बराच वेळ उभी राहिली होती. कशासाठी हवंय ते सांगायला तोंड उघडेना.

“रुफिनासाठी,” ती शेवटी एवढंच म्हणाली होती. त्यात खोटं काही नव्हतं.

रुफिना तिची मावसबहीण. लहानपणीच आई गेली म्हणून दमासियाच्या आईनं, त्रिनिदादनं, तिला घरी आणलं आणि दोघींना एका ताटात जेवायला घालून वाढवलं. आता गावात दोघींच्या घरांमध्ये तीन दारं होती, आणि त्या तीन दारांवरून कित्येक हिवाळे एकीचा शब्द दुसरीकडे गेला नव्हता. काल मात्र रुफिना काठी टेकत आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“ताई, आहेस का घरात?”

“घर माझंच आहे. असणारच.”

“गुडघा गेलाय माझा. ओढ्यात उतरवत नाही.”

“मग मी काय करू? चोळून देऊ?”

“माती हवी होती,” रुफिना म्हणाली. “एक पोतं.”

दमासियाच्या जिभेवर नाही नाही ते आलं होतं. पण माती मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं. माती आजीची असते, आपण फक्त उचलून आणायची. हे दमासियाला जेवढं माहीत होतं तेवढंच रुफिनालाही, आणि म्हणून तर ती बया मान ताठ ठेवून उभी होती.

“बाजारासाठी का?”

“हो. ऑगस्टच्या.”

बाजाराचं नाव निघालं आणि दमासियाच्या पोटातली जुनी आग भसकन वर आली. सांता फेला चर्चच्या पटांगणात भरणारा तो मातीकामाचा बाजार. अबोला पडला त्या वर्षी तिथं दमासियाच्या ‘गाणारी आई’ या बाहुलीला पहिलं बक्षीस लागलं होतं. मांडीवर पोरं घेऊन बसलेली, डोळे मिटलेली, तोंड उघडून गाणारी ती बाहुली. तिच्यावर निळी फीत लावून अर्धा दिवसही झाला नव्हता, तोच रुफिना परीक्षकांच्या कानाला लागली. दमासियाच्या भाच्याकडे अल्बुकर्कीला विजेची भट्टी आहे, ही बाहुली तिथं भाजलीय, नियमाप्रमाणे उघड्यावर नाही. परीक्षक आले. त्यांनी बाहुली उलटी केली, टिचकी मारली, आपसात कुजबुजले आणि सगळ्यांसमोर फीत काढून नेली.

बाहुली उघड्यावरच भाजली होती. त्या आगीच्या गोवऱ्या त्रिनिदादनं स्वतःच्या हातांनी रचल्या होत्या. टेबलामागे घडीच्या खुर्चीवर बसून म्हातारीनं तो सगळा तमाशा पाहिला. पिकअपमधून घरी येताना ती एकदाच बोलली.

“माझ्या आगीला खोटं म्हणाले.”

त्यानंतर तिनं मातीला हात लावला नाही. जानेवारीत गेली.

रुफिनानं असं का केलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच वसंतात त्रिनिदादनं आपला बाहुल्या घोटायचा दगड, पणजीपासून चालत आलेला, दमासियाच्या हातात दिला होता. रुफिनाच्या हातात दिला नव्हता. एवढ्यावरून ही सापीण उलटली. म्हातारी गेली त्या दिवशी रुफिना धावत आली, तेव्हा दमासियानं दारात दोन्ही हात आडवे धरले. “इथं तुझी कुणी मावशी राहत नाही,” असं म्हणून तिला दारातूनच घालवलं. चार दिवस ती बाहेर भिंतीशी बसून होती. दमासियानं तिला मावशीचं तोंड बघू दिलं नाही. त्याचं समाधान दमासियाला अजून होतं, पण ते पुरलं नव्हतं. तिला रुफिनाचं नाव जायला हवं होतं. त्याच पटांगणात, सगळ्यांदेखत.

तिनं पोत्याचं तोंड बांधलं आणि ते पाठीवर घेतलं.

अंगणात बसून तिनं माती कुटली आणि मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळली. बारीक चाळण भिंतीला टांगलेली होती, तिच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मग पांढरी राखमाती मिसळली. आगीत तडकू नये म्हणून ती तशीही मिसळावीच लागते, आणि तिच्या पांढऱ्यात चुन्याचं पांढरं बेमालूम मिसळून गेलं. पलीकडे तिचा नवरा सिक्स्तो ढोलाचं खोड आतून खरवडत बसला होता. त्याचं लक्ष तिच्या पांढऱ्या झालेल्या बुटांकडे गेलं.

“पांढऱ्या काठाला कशाला गेली होतीस?”

“वाट चुकले.”

“लग्न झाल्यापासून त्याच वाटेनं जातेस की.”

“म्हातारी झाले आता.”

“तू?” सिक्स्तो हसला. “तू कसली म्हातारी होतेस! आधी मला पोचवशील, मग विचार करशील.” मग त्यानं पोत्याकडे पाहिलं. “कुणाची माती ही?”

“रुफिनाची.”

त्याचा हात थांबला. “दमासिया, मातीशी खेळू नये.”

“मी कुठं खेळतेय?” ती म्हणाली.

ती खरंच खेळत नव्हती, हे तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. बायकोच्या रागाच्या वाटेत उभं राहायचं नाही हे शहाणपण त्याला उशिरा आलं होतं, पण पक्कं आलं होतं. त्यानं परत खोडात डोकं घातलं.

संध्याकाळच्या आत तिनं पोतं एकचाकी गाडीवरून रुफिनाच्या अंगणात नेलं. रुफिनानं हात घालून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि हात तोंडाकडे नेता नेता मधेच खाली घेतला. माती जिभेवर ठेवल्याशिवाय तिची जात कळत नाही. पण देणाऱ्या बाईसमोर चाखणं म्हणजे तिला तोंडावर चोर म्हणणं. दमासियाला हे माहीत होतं. तिचा सगळा डाव त्याच रीतीवर उभा होता.

“मावशीच्या जागेवरची का?” रुफिनानं विचारलं.

“तिथलीच.”

“मग बघायचं काय त्यात.”

“बघायचं काहीच नाही,” दमासिया म्हणाली आणि रिकामी गाडी ढकलत घरी आली. त्या रात्री तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली.

तो उन्हाळा तिनं मजेत काढला. पीठ मळताना, मिरच्या निवडताना तिच्या डोळ्यांपुढे एकच देखावा यायचा. रुफिनाचं टेबल, बाहुल्यांची रांग, निळी फीत, पैसेवाल्या बायकांचे लाडिक उद्गार. मग पानगळीत एका बाईचा फोन, मग दुसरीचा. अहो, हिचं नाक उडालं. अहो, हिच्या मांडीवरचं पोर गेलं. पुढच्या वर्षी रुफिना टेबल मांडून बसेल आणि माणसं दुरूनच वळून जातील. कुणाला म्हणायची ती, माझ्या मातीला खोटं म्हणतात? कुणाजवळ रडायची? अशा वेळी दमासिया एकटीच हसायची, आणि सिक्स्तो हातातलं काम घेऊन हळूच बाहेर जायचा.

तिच्या स्वतःच्या कामाला मात्र त्या उन्हाळ्यात यश नव्हतं. दोन बाहुल्या आगीत तडकल्या. आणि दर वर्षीप्रमाणे तिनं आईचा चेहरा करून पाहिला, तोही दर वर्षीप्रमाणे फसला. गाणाऱ्या आईचं धड तिच्या बोटांना पाठ होतं. पण चेहऱ्याशी आली की तिच्या हातून एकच चेहरा उतरायचा: शेवटचा. गाल बसलेले, तोंड उघडं, पण त्यात गाणं नाही. ती तो ओल्या मातीत परत चेपून टाकायची. बघून करावा असा दुसरा चेहरा कुठं नव्हता. गावात कॅमेरा चालत नाही, आणि गावाबाहेर कुणी फोटो काढायला लागलं की त्रिनिदाद पाठ करून उभी राहायची. माझं तोंड कशाला नेता, म्हणायची. तिचं म्हणणं खरं झालं. तिचं तोंड कुणीच नेलं नाही, आणि म्हणून ते कुठंच उरलं नाही.

जुलैमध्ये एकदा कुंपणावरून बघताना दमासियाला रुफिनाच्या फळीवर ओल्या फडक्याखाली काहीतरी दिसलं. एकच होतं. बाकीच्या बाहुल्या आत असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. मग एका सकाळी रुफिनाच्या अंगणातून देवदाराच्या काटक्यांचा धूर वर चढला. दमासिया हातातलं टाकून कुंपणाशी गेली. रुफिना एक पाय लांब करून जमिनीवर बसली होती आणि गोवऱ्या लावत होती, एकेक, त्रिनिदाद लावायची तशाच. आग पेटलेली असताना जवळपास वाईट बोलायचं नसतं, मनातही आणायचं नसतं, नाहीतर आतला जीव तडकतो. आणि आत्ताच तडकला तर सगळंच मुसळ केरात! दमासियानं डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा रुफिनाच्या आगीसाठी अगदी कळवळून प्रार्थना केली. नीट भाजू दे बाई. एक ओरखडा उठू देऊ नकोस.

तिची प्रार्थना ऐकली गेली.

बाजाराच्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दमासियानं आपल्या चार बाहुल्या मांडल्या आणि मान उंचावून पलीकडच्या रांगेत पाहिलं. रुफिनाच्या टेबलाभोवती माणसांचं कडं होतं. नऊच्या सुमारास टाळ्या वाजल्या. शेजारच्या टेबलावरची बाई बघून आली आणि म्हणाली, “निळी फीत तिला. एकच आणलीय बाई तिनं, पण काय आणलीय!”

“एकच?” दमासिया म्हणाली.

तिची जरा निराशाच झाली. एका बाहुलीनं कितीसं नाव जाणार? पण ठीक आहे. निळ्या फितीची बाहुली फुटली तर तिची चर्चा दहा बाहुल्यांइतकी होते. कोणी घेतली, कुठल्या गावी चालली, एवढं कळलं की झालं.

“विकत नाहीये म्हणे,” शेजारीण म्हणाली. “ती टर्क्वाइजचे निळे खडे घातलेली बाई मागेल ते द्यायला तयार आहे, तर ही मान हलवतेय.”

तेवढ्यात कडं उघडलं आणि रुफिना बाहेर आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं शालीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं. ती लंगडत लंगडत सरळ दमासियाच्या टेबलाकडे आली. तिच्या मागोमाग ते सगळं कडंही आलं. तिनं चार बाहुल्या कोपरानं बाजूला सारल्या, मधोमध ते ठेवलं आणि शाल काढली.

त्रिनिदाद बसली होती.

डावी भुवई जराशी वर, जशी ती गाताना जायची. गाल भरलेले, हनुवटीखाली ती लहानशी घडी. मिटलेले डोळे, आणि तोंड असं उघडं की पुढचा शब्द आत्ता येईल. मांडीवर दोनच पोरी होत्या. एक गुबगुबीत, दुसरीला कोपरानं ढकलणारी. दुसरी काटकुळी, मावशीच्या शालीचं टोक मुठीत धरलेली. दमासियाचे हात आपोआप पुढे गेले आणि तिथंच थांबले. इतकी वर्षं ती ज्या चेहऱ्यासाठी तडफडत होती तो तिच्यासमोर होता. तिला रडूच फुटलं, आणि त्या रडण्यात काही क्षण ती सगळं विसरली.

“ओळखलीस?” रुफिनानं विचारलं.

“तुला... तुला कसं जमलं हे?”

“का नाही जमणार?” रुफिना म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “तू शेवटचं तोंड बघितलंस. मला कुठं बघू दिलंस? दारातून घालवलंस. मग माझ्याकडे ही एवढीच राहिली. गाणारी.”

लोक आजूबाजूला उभे होते. टर्क्वाइजवाली बाई रुमालानं डोळे पुसत होती, आणि तिच्या शेजारचा परीक्षक बायकोला सांगत होता की या दोघी बहिणी, मध्ये काहीतरी झालं होतं म्हणे, आणि आज बघ.

रुफिना टेबलावर वाकली. बाहुलीचं तोंड तिनं किंचित फिरवलं, दमासियाकडे.

“तुझं सगळं पोतं नाही लागलं हं,” ती हळू आवाजात म्हणाली. “उरलेली ओढ्यात टाकली.”

रडण्यात विसरलेलं सगळं तिच्या ध्यानात आलं. मोठ्या भोकांची चाळण. मोहरीएवढे कण. ते आता कुठं होते? गालात होते. भुवईत होते. हनुवटीच्या घडीत होते.

“तू चाखलीस.”

“तू गाडी वळवलीस, तेव्हाच.”

“मग चाळायची होतीस!” दमासियाचा आवाज चिरकला. “फेकायची होतीस, मेले! आईचा चेहरा कुणी करतं का असल्या मातीत?”

“हळू बोल. लोक बघतायत.” रुफिनानं शालीची घडी घातली. “तू एवढी पाठीवरून आणलीस, फेकू कशी? तुझी माती, तुझ्याच घरी जाऊ दे. आणि ताई, कपाटात कोंडू नकोस तिला. सगळ्यांना दिसेल अशी ठेव.”

मग तिनं हात पसरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टीही मारली, आणि दमासियाला तिच्या गळ्यात पडावं लागलं.

बाहुली खिडकीजवळच्या फळीवर बसली. दोन दिवसांत सगळं गाव येऊन गेलं. त्रिनिदादच्या वयाच्या बायका आल्या, त्यांनी तिच्या गुडघ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. लाल मिरचीचा रस्सा आणि भट्टीतला पाव खात दारात बसल्या आणि रुफिनाचं कौतुक करून गेल्या. किती मोठं मन, म्हणाल्या. दमासिया त्यांच्या ताटात रस्सा वाढत राहिली. एकदोघींनी विचारलं, माती कुठली गं, रंग जरा फिका वाटतो. ती म्हणाली, असेल.

सिक्स्तोनं पहिल्या दिवशी बाहुलीसमोर टोपी काढली. मग त्यानं फिक्या रंगाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि टोपी पुन्हा घातली.

“आली होय ती घरी,” एवढंच म्हणाला.

पावसाळी दुपारी दमासिया बाहुलीला लोकरी कपड्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवायची. उन्हं आली की उघडायची. रात्री उठून चाचपायची. पण हवेतली ओल कुणाला बांधून ठेवता येते? सप्टेंबरात, ती अंगणात मिरच्या भाजत असताना, आतून आवाज आला. टक्. ती हातातला चिमटा टाकून धावली. बाहीवर डाळीएवढा खड्डा पडला होता आणि त्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता. बाहीवर भागलं म्हणून तिनं देवाचे आभार मानले. पुढच्या आठवड्यात काटकुळ्या मुलीचा कान गेला. मग खांदा. मग एका सकाळी डाव्या गालावरून नखाएवढा टवका निघाला आणि फळीवर पडला.

टवके तिनं कपात गोळा केले. डिंक लावून बसवायला गेली तर ते बोटांतच भुगा होऊन गेले. मग तिनं फळीसमोर बैठक मारली, आईच्या जागेवरची चांगली माती घेतली आणि समोर बघून बघून चेहरा करायला बसली. आता तर समोर होता ना चेहरा! डोळ्यांना दिसत होता, पण बोटांना नाही. तिनं केला तोही शेवटचाच निघाला. दुसरा केला, तोही तसाच. तिसऱ्या वेळी तिनं तो भिंतीवर फेकून मारला आणि ओक्साबोक्शी रडली. सिक्स्तो दारात येऊन उभा राहिला.

“तिच्याकडे जा,” तो म्हणाला.

“मरेन, पण जाणार नाही.”

“तू नाही मरत,” सिक्स्तो म्हणाला. “पण ती मरतेय बघ. दुसऱ्यांदा.”

दुसऱ्या दिवशी ती ओढ्याच्या वळणावर, आईच्या जागेवर गेली. मातीच्या आजीला पीठ वाहिलं आणि या खेपेला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माती निवडली, कुटली, बारीक चाळणीतून चाळली, मग फडक्यातून गाळली. पोतं गाडीवर घालून रुफिनाच्या अंगणात नेलं. रुफिना उन्हात बसली होती. तिनं पोत्यात हात घातला, चिमूट जिभेवर ठेवली आणि दमासियाकडे बघत बघत सावकाश चाखली. दमासियाचे कान तापले, पण ती पोत्याचं तोंड उघडं धरून उभी राहिली.

“गोड आहे,” रुफिना म्हणाली.

“तिला पुन्हा घडव. होती तशी. चेहरा पुरता जायच्या आत.” तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. “चुकले मी. तुला दारातून घालवायला नको होतं. माती तशी द्यायला नको होती.”

रुफिनानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

“ठेव तिथं भिंतीशी,” ती म्हणाली.

दमासिया वाट पाहत राहिली. रोज सकाळी ती कुंपणाकडे बघायची आणि स्वतःला आवरायची. घाई केली तर हात बिघडतो, हे तिला कळत होतं. पण घरी फळीवर टकटक चालूच होती. भुवई गेली. डाव्या गालाचा पार पत्ता राहिला नाही. शेवटी तिला राहवेना, आणि ती उठून गेली.

रुफिनाच्या फळीवर नवं काम वाळत होतं. दमासिया जवळ गेली. कासवं होती. लहान, गोल, सुबक कासवं, एका ओळीत. फळीभर कासवं.

“हे काय?”

“कासवं,” रुफिना म्हणाली. “रस्त्यावर विकायला बरी. फार गुणी माती आहे ताई तुझी, एक तडकलं नाही.”

“आणि ती?”

“चेहरा काय असा मागितला की येतो? आठवावा लागतो.” रुफिनानं एक कासव उचलून उन्हात धरलं आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. “गुडघा दुखतो गं. दुखत असलं की माझं चित्त लागत नाही.”

“डावा गाल गेला तिचा,” दमासिया म्हणाली. “पुरा गेला.”

“अस्सं?” रुफिनानं कासव खाली ठेवलं. “उजवा आहे ना अजून?”

“आहे.”

“मग वेळ आहे.” तिनं हात झटकले. “माती मात्र संपली बघ.”

दमासियानं भिंतीकडे पाहिलं. तिचं पोतं तिथंच होतं, झटकून, नीट घडी घालून ठेवलेलं. ओढ्याला पाणी आलं होतं आणि सकाळी गारठ्यानं त्यात पाय घालवत नव्हता. तिनं ती घडी उचलली आणि काखेत धरली.

“उद्या आणते,” ती म्हणाली.